पांढरं नेसून या

मे महिना लागला की माझा फोन सारखा किणकिणतो. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईला कोण एवढं विचारतं म्हणाल, तर लग्नाच्या पत्रिका. पत्रिका म्हणायचं आपण सवयीनं. असतं ते एक चित्र. फुलं हलतात, सनई वाजते, दोन नावं तरंगत वर येतात आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की कोणत्या रंगाचं नेसून या. परवा नागभीडच्या माझ्या जुन्या सहकारी बाईंकडून असंच एक आलं. नातवाचं लग्न, रंग म्हणे पिस्त्याचा. मी चित्र पाहिलं आणि विचारात पडले. हे बोलावणं आहे, की नुसतं कौतुक म्हणून दाखवायला पाठवलंय? दोन दिवस तसेच काढले आणि शेवटी फोन लावून विचारलंच. "अवो बाई, असं काय विचारता? लग्नाले याचंच हाय तुमाले!" त्या हसल्या. मीही हसले. फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते, आणि पंखा तर डोक्यावरच फिरत होता.

पूर्वीचं बरं होतं, असं म्हणायची मला सवय नाही. पूर्वीचं काय बरं होतं ते आमच्या मोहल्ल्याला विचारा. पण पत्रिकेपुरतं एक होतं. ती हातात यायची, कोपऱ्याला हळद लावलेली. देणारा दारात उभा राहून "सगळ्यायनं या बरं" म्हणायचा. ज्याला मिळाली त्याला कळायचं आणि ज्याला नाही मिळाली त्यालाही कळायचं. मोहल्ला सोडून गावातल्या लग्नांची पत्रिका मला तीस वर्षांत घरी कधी आली नाही. ती शाळेत यायची, 'समस्त शिक्षकवृंद' या नावानं. मग आम्ही सगळे शिक्षक मिळून जायचो, एका पंगतीत बसायचो आणि परत यायचो. शिक्षकवृंद म्हणून मी पुष्कळ लग्नं जेवले आहे.

मंदा मला 'मास्तरीन' म्हणते. गावात बाकी सगळे 'बाई' म्हणतात. मी ज्या वर्षी या गावच्या शाळेत रुजू झाले त्याच वर्षी ती लग्न होऊन इथं आली. तिचं घर शाळेच्या भिंतीच्या पलीकडे, मोठ्या शेतकऱ्यांच्या आळीत. माझं अलीकडे, बौद्ध मोहल्ल्यात. दुपारी सुट्टीत ती भिंतीला टेकून उभी राहायची आणि आम्ही बोलायचो. धानाची रोवणी, कपाशीवरची अळी, तिची सासू, माझा नवरा. इतकी वर्षं बोललो, पण बोलणं भिंतीपाशी किंवा माझ्या पायरीवर. तिच्या घरात मी गेले ती जनगणनेच्या कामाला. मैत्री म्हणाल तर मैत्रीच होती. आहेही.

तिच्या दिराची पोरगी ऋतुजा. दीर नोकरीला लागून चंद्रपूरला गेला, पोरगी तिकडेच वाढली, शिकून पुण्याला गेली आणि कपड्यांच्या धंद्यात शिरली. ती कपडे शिवत नाही, सुचवते. असल्या कामाला पगार मिळतो हे मंदाला आजही पटलेलं नाही. या ऋतुजानं काही वर्षांपूर्वी आपलं लग्न आलापल्लीच्या वाटेवरच्या किल्ल्यात करायचं ठरवलं. खरं तर ती एका जुन्या जमीनदाराची गढी, पण आमच्याकडे दगडाचा तट दिसला की सगळे किल्लाच म्हणतात. कोणीतरी ती नीट करून लग्नाला भाड्यानं द्यायला लागलं होतं. भर मे महिन्यात, सागाला पान नाही अशा दिवसांत, जंगलातल्या किल्ल्यात लग्न! मंदाचा दीर म्हणाला, पोरगी म्हणते उजेड चांगला असतो. उजेडाची आमच्याकडे कधीच टंचाई नव्हती.

एका संध्याकाळी माझ्या फोनवर मंदाकडून चित्र आलं. किल्ल्याचा दरवाजा, त्यावर मोगरा, दोन नावं, आणि खाली: 'सर्वांनी मोती रंगात यावं.' सोबत शब्द एकही नाही. मी ते चित्र मोठं करून पाहिलं, परत परत पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या आळीतून घरी बोलावणं आलं होतं. मला एवढा आनंद झाला की मी शेजारच्या प्रज्ञाला हाक मारून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मंदा पायरीवर येऊन बसली, कपाळाला हात लावून.

"पाह्यलं का व, मास्तरीन? पांढरं म्हणते पोरगी!"

"मोती रंग म्हणते."

"मोती अन् पांढरं एकच झालं नं. लग्नात सवाष्ण बाई पांढरं नेसते का कुठी? लोकं म्हणतीन, घरचं कोण मेलं? आमच्या अख्ख्या आळीत पांढरी साडी एकच हाय, अन् ते आत्याबाईची." आत्याबाई म्हणजे तिची विधवा नणंद. "मी पोरीले म्हटलं, पिवळं नेसतो, हिरवं नेसतो. त म्हणते, काकू, फोटोत दिसते."

मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या तिकडे हाय नं सगळ्यायजवळ."

आहेच. प्रत्येक घरी आहे. बुद्धपौर्णिमेला नेसतो, विहारात वंदनेला नेसतो, आणि आमची नवरी पांढरीच नेसते. माझ्या लग्नात वरात शाळेपाशी आली तेव्हा भिंतीपलीकडून कोणीतरी म्हटलं होतं, "नवरी कोनती अन् इधवा कोनती, समजून नाई राह्यलं." ते वाक्य मी तीस-बत्तीस वर्षं सांभाळून ठेवलं आहे. आणि आता त्याच आळीची मंदा माझ्या पायरीवर बसून पांढरी साडी मागत होती, कारण शहरात ती फॅशन झाली होती! मला वाईट वाटायला हवं होतं का? मला तर हर्ष झाला. म्हटलं, "एवढंच नं? मी जमा करून देतो सगळ्यायच्या."

संध्याकाळी विहाराच्या अंगणात बाया बसल्या होत्या. मी विषय काढला. प्रज्ञा तेव्हा नर्सिंगला होती, सुट्टीत आली होती. तीच आधी बोलली.

"देऊ नका काकू."

"काऊन?"

"त्यायले साडी चालते. आपण चालतो का? तुमाले तरी बलावलं का लग्नाले?"

"दाखवलं नाई का तुले काल?" मी परत फोन काढला.

तिनं परत पाहिलं. "यात तुमचं नाव कुठी हाय?"

"आजकाल कोणाचंच नाव नसते बापा. असंच पाठवते." मी चिडले. शिकलेल्या पोरी प्रत्येक गोष्टीत खोट काढतात, असं काहीतरी मोठ्यानं बोललेही. गिरजाआजी, मोहल्ल्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, काठी टेकत घरी गेल्या आणि आपली साडी घेऊन आल्या. "माही ने. पण पौर्णिमेच्या आधी वापस पाहिजे मले." त्यांनी दिली म्हटल्यावर सगळ्यांनी दिल्या.

ते चार दिवस मी आजही विसरू शकत नाही. घराघरांतून भाताची पेज मागून आणली, गाळली, तिची खळ केली. साड्या धुतल्या, नीळ दिली, खळीतून काढल्या. ऊन चढायच्या आत पहाटे विहाराच्या अंगणात दोऱ्या बांधून वाळत घातल्या. एवढं पांढरं एका वेळी पाहिलं की डोळे दिपतात. वारा आला की साड्या फडफड वाजायच्या. लाइट असेल तेव्हा इस्त्री. पाठ मोडून आली, पण एकेक घडी अशी घातली की दुकानदारानं बघत राहावं. माझ्या लग्नातली साडी ट्रंकेत होती. तीही काढली, मंदासाठी. ती नवरीची मोठी काकू, चारचौघांत उठून दिसली पाहिजे. मग सगळा गठ्ठा तिच्या ओसरीवर नेऊन ठेवला. "किती केलं व तू," मंदा म्हणाली. तिचा आवाज जरा विचित्र होता. मला वाटलं, गहिवरली.

लग्नाच्या दिवशी पहाटे बस ग्रामपंचायतीपाशी उभी होती. मी माझी दुसरी पांढरी साडी नेसून, केसात मोगरा माळून गेले. मंदा बसच्या दारात बायांना वर घेत होती. तिनं मला पाहिलं.

"अगे माय... तूही निघाली का?"

तेवढंच. माणसाला कळायला किती लागतं? माझा एक पाय पायरीवर होता. चित्र रंग दाखवायला पाठवलं होतं. नुसता रंग! 'हे पाह्य, असा रंग म्हणते पोरगी', एवढाच त्याचा अर्थ होता. वाटलं म्हणावं, नाही नाही, मी नुसती पदर नीट करून द्यायला आले. तोंड उघडलंही. पण मंदानं माझा दंड धरला आणि घाईघाईनं म्हणाली, "चाल, चाल. जागा हाय." आणि तिनं मला तिच्याशेजारी, पुढच्या सीटवर बसवलं.

बस निघाली. बायांच्या गप्पा सुरू झाल्या. मी खिडकीबाहेर बघत बसले. थोड्या वेळानं जाणवलं की काहीतरी कमी आहे. खळ घातलेली सुती साडी बाईला गप्प बसू देत नाही. हललं की वाजते, निऱ्या ताठ उभ्या राहतात. त्या बसमध्ये फक्त माझी साडी वाजत होती. मी मान वळवून पाहिलं. सगळ्या साड्या मऊ पडलेल्या, अंगाला चिकटलेल्या, निऱ्या लोंबत असलेल्या. आधी वाटलं घामानं. पण पहाटेची वेळ, घाम कुठला? मग पलीकडच्या बाईनं पदर झटकला आणि साबणाचा वास आला. मी लावलेल्या नव्हे, दुसऱ्याच साबणाचा. साड्या परत धुतल्या होत्या. काठाला आतून लाल दोराही टाचला होता; तो सवाष्णीच्या शकुनाचा असेल, त्याचं मला काही नाही. पण धुवायचं कारण काय? धुतलेल्या, इस्त्री केलेल्या साड्या नेसण्याआधी कोणी कशासाठी धुतं, ते मला शिकवायची गरज नव्हती. मी हळूच मंदाच्या मांडीकडे पाहिलं. माझ्या लग्नातली साडी. तीही मऊ.

"वारा लागते का? खिडकी लावू?" मंदानं विचारलं.

"नाई, राहू दे," मी म्हणाले.

वैनगंगेत पाणी नव्हतं, नुसती वाळू. मग जंगल लागलं. सागाचे उघडे सोट आणि खाली गुडघाभर वाळकी पानं. एरवी मला हे जंगल उन्हाळ्यात फार आवडतं. दूरचं दिसतं. त्या दिवशी मला काहीच दिसू नये असं वाटत होतं.

किल्ला मात्र सुंदर सजवला होता, खोटं कशाला बोलू. काळ्या दगडावर पांढऱ्या रंगात बुडवलेली सागाची पानं माळा करून सोडली होती. बांबूचे कमानीसारखे मांडव. पाण्याचा फवारा मारणारे भले मोठे पंखे. आणि टेबलांवर काचेच्या वाडग्यांत वाळवलेली मोहाची फुलं. मंदानं वास घेतला आणि ओरडलीच, "अगे माय, हे त मोह व्हय! इथी दारू गाळून राह्यले का?" बाया हसून हसून लोळल्या. मीही हसले. मला हसू आलं याचा मला लगेच राग आला.

ऋतुजा तटावरून चालत आली. अंगावर मोतिया घागरा, त्यावर गोंदणाच्या नक्षीचं भरतकाम, मागं हातभर नव्हे, दहा हात लोळणारी ओढणी. फोटोवाल्याला पहिलं चालणं पसंत पडलं नाही. परत गेली, परत आली. उन्हानं दगड तापत होते आणि पोरगी हसतच होती. मंगलाष्टकं झाली तेव्हा आमच्या बाया अक्षता शोधत होत्या; हळदीचे डाग पडतात म्हणून अक्षताच नव्हत्या, मोगऱ्याच्या पाकळ्या होत्या. "पाकळ्यायनं लग्न लागते का व?" कोणीतरी कुजबुजलं. लागलं की.

मग गावच्या बायांचा फोटो. किल्ल्याच्या पायऱ्यांवर सगळ्यांना उभं केलं. सगळ्या अवघडलेल्या, कोणी पदर ओढतेय, कोणी हातांनी अंग झाकतेय. सवाष्णींना त्या रंगात स्वतःचीच भीती वाटत होती. मी त्या रंगात वाढलेली. मला त्याचं काय ओझं? फोटोवाला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मावशी, तुम्ही मधे या. आणि बाकीच्यांनी ह्यांच्यासारखं उभं राहा, असं ताठ." मला मधे घेतलं. उजवीकडे मंदा, डावीकडे आत्याबाई, खांद्याला खांदा लावून. मी ताठ उभी राहिले. फोटोनंतर ऋतुजा स्वतः खाली आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "बाई, साड्या तुमच्याकडून आल्या ना? काकूनं सांगितलं. किती सुंदर दिसतंय सगळं!" पोरीच्या मनात काही नव्हतं. तिला काही माहीत असणं शक्यच नव्हतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सुखी राहा." मनापासून म्हणाले.

राग यायला हवा होता. रागाला निदान पाय असतात, उठून चालू लागता येतं. मला लाज आली. लाज अशी की धुतलं त्यांनी, आणि मान खाली माझी. लाज अशी की न बोलावता मी मोगरा माळून आले. आणि सगळ्यांत वाईट लाज अशी की मला तिथं मजा येत होती. त्या फोटोच्या मधोमध उभं राहायला मला आवडलं होतं. जेवणही आवडलं. मी दुसऱ्यांदा आंब्याचा गोड पदार्थ मागून घेतला.

परतताना दुपारची लू सुरू झाली होती. खिडक्या लावून बस तापलेली. मंदा डुलकी लागून माझ्या खांद्यावर कलंडली. इतक्या वर्षांत ती मला एवढी जवळ कधीच आली नव्हती. मी खांदा हलवला नाही. गाव येईपर्यंत मुंग्या येऊन तो बधिर झाला होता.

मोहल्ल्यात सगळ्या वाट बघत होत्या. "कसं झालं, कसं झालं?" मी पाय धुतले, पाणी प्याले आणि बोलायला लागले. "लय मानानं नेलं. पुढच्या सीटवर बसवलं. फोटोत मधात घेतलं. नवरी पाया पडली. आपल्या साड्यायचं कौतुक तर विचारूच नका." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. प्रज्ञा ऐकत होती. रात्रीचं जेवण व्हायच्या आत ती घरी आली आणि म्हणाली, "चुकलंच माझं, काकू. मी उगाच मनात आणलं." मी म्हटलं, "जाऊ दे व." त्यापेक्षा तिनं माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही विहार झाडत होतो. मंदा आली. साड्यांचा गठ्ठा तिनं कोणाकडं पाठवला नव्हता, स्वतः डोक्यावर घेऊन आली होती. मोहल्ल्यात इतक्या आत ती पहिल्यांदाच येत होती. प्रज्ञानं पुढं होऊन गठ्ठ्याला हात लावला आणि चांगल्या मनानं म्हणाली, "धुऊन काऊन आणल्या काकी? आमी धुतल्या असत्या नं."

मंदानं गठ्ठा सोडला नाही. माझ्याकडं पाहिलं. मी डोळ्यांनी खूण केली, बोलू नको म्हणून. ती बोललीच.

"दोनदा धुतल्या, पोरी. नेसाच्या अगोदर एकदा. बाया तशा नेसाले तयार नोहत्या. मीच घाटावर नेल्या, माह्याच हातानं धुतल्या. म्हणून मास्तरीनले बलावलं नोहतं मी. म्हटलं, तिले दिसन. अन् ते आलीच." तिनं गठ्ठा जमिनीवर ठेवला. "आता काय म्हणाचं ते म्हणा."

अंगणातल्या सगळ्या बाया तिच्याकडं नाही, माझ्याकडं बघत होत्या. प्रज्ञासुद्धा. मंदाला मी तशी कधी पाहिली नव्हती. रडत होती पण उभी होती. खाली बसले ती मी.

गिरजाआजींनी गठ्ठ्यातून आपली साडी ओढून मांडीवर घेतली. हातानं तिची घडी सपाट करत राहिल्या.

"तुले कवा समजलं?" त्यांनी मला विचारलं.

"बसमंदी."

"मंग उतरली काऊन नाई?"

"उतरली होती, आजी," मी म्हणाले. "जाताना आष्टीले बस थांबली होती. सगळ्यायसंग उतरली, चहा पेली. अन् परत चढली."